इंधनातील लेश धातूंचे विद्युत् रासायनिक विश्लेषण

पेट्रोल, एथिल अल्कोहॉल (एथॅनॉल) इ. द्रव इंधनांत अत्यल्प प्रमाणात असणारे तांबे, शिसे, जस्त यांसारखे धातू विद्युत् अग्रावर घडणाऱ्या विक्रियांच्या साहाय्याने मोजण्याची पद्धती.

महत्त्व : तांबे पेट्रोलाच्या ऑक्सिडीभवनास उत्प्रेरक ठरते व त्यामुळे डिंकासारखा चिकट पदार्थ निर्माण होऊन इंधनमार्गात साचतो. म्हणून पेट्रोलात मिसळावयाच्या निर्जल एथॅनॉलात तांबे दर किग्रॅ.मध्ये ०·१ मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. म्हणजेच दहा टन एथॅनॉलात फार तर एक ग्रॅम. राहुरी, श्रीरामपूर, प्रवरानगर या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात हा प्रश्न जवळचा आहे. मळीपासून अल्कोहॉल ऊर्ध्वपातित करताना तांब्याच्या पात्रांशी वा नळ्यांशी संपर्क आल्यास हा धातू त्यात उतरू शकतो. भारतात पेट्रोलातील एथॅनॉलाचे प्रमाण २००३ मधील ५ टक्क्यांवरून २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत गेल्याने या मापनाचे महत्त्व वाढले आहे.

पद्धती : यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या पोलॅरोग्राफीतून (नोबेल पारितोषिक १९५९) ही पद्धती विकसित झाली. प्रथम विद्राव ढवळत ठेवून विद्युत् अग्रास काही मिनिटे ऋण वर्चस् देतात. धातूचे आयन क्षपण पावून अग्रावर साचतात. विरळ धातू असा एकवटला जातो. नंतर वर्चस् धन दिशेने वाढवीत नेल्यास जस्त, कॅडमियम, शिसे, तांबे या क्रमाने धातू पुन्हा विरघळतात आणि प्रत्येकाच्या वेळी विद्युत् प्रवाहाचे शिखर मिळते. शिखराच्या स्थानावरून धातू ओळखतात व उंचीवरून त्याचे प्रमाण काढतात. ज्ञात प्रमाणाचा विद्राव मिसळून शिखराची वाढ पाहिल्यास उत्तर अधिक विश्वसनीय ठरते.

मर्यादा : एथॅनॉलात लवण विरघळवून मापन सरळ करता येते. पेट्रोल विद्युत् निरोधक असल्याने त्यातील धातू आधी अम्लात उतरवून घ्यावा लागतो. विरघळलेला ऑक्सिजन नायट्रोजन वायू सोडून घालवितात. पाऱ्याच्या अग्रावर जस्त व तांबे यांचे संयुग बनून तांब्याच्या मापनात चूक येते. पारा विषारी असल्याने तांब्यासाठी सोन्याची अग्रेही वापरतात. काचपात्रे अम्लाने धुतलेली नसल्यास पात्राचाच धातू मोजला जाण्याचा धोका असतो. आणवीय शोषण वर्णपटमापनाच्या तुलनेत येथील उपकरण लहान व स्वस्त असते. त्यामुळे आसवनीच्या प्रयोगशाळेतही टँकर भरण्यापूर्वी परीक्षा करणे शक्य होते.