शिडांचं जहाज, भाड्याचा धंदा

२२ नोव्हेंबर १८६९ रोजी स्कॉटलंडमधल्या डम्बार्टन इथे 'कटी सार्क' हे जहाज पाण्यात उतरलं. त्याच्या पाचच दिवस आधी सुएझ कालवा खुला झाला होता. चीनचा चहा लंडनला पोचवण्यासाठी हे जहाज बांधलं, आणि त्या धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट त्याच्या जन्माआधीच घडून गेली होती.

'कटी सार्क'बद्दल लिहिणारे बहुतेक जण वेगाबद्दल लिहितात. वेग होताच, पण तो भाड्यासाठी होता. चिनी चहाचं पहिलं पीक जो सगळ्यांत आधी लंडनला आणेल, त्याच्या मालाला भाव चढा. १८६६ साली 'टेपिंग' आणि 'एरियल' ही दोन जहाजं चीनहून निघून ९९ दिवसांनी लंडनच्या गोद्यांत शिरली, ती अवघ्या २८ मिनिटांच्या अंतराने. अशा शर्यतीत आपलंही जहाज असावं, ही मालक जॉन विलिसची हौस. मात्र हौशी माणूस पैशाला पक्का होता. टनाला १७ पौंड, एकूण १६,१५० पौंड असा सौदा त्याने ठरवला. त्या भावात स्कॉट अँड लिंटन ही बांधणारी कंपनी काम पुरं होण्याआधीच बुडाली आणि उरलेलं काम डेनी कंपनीने केलं.

सांगाडा लोखंडी आणि त्यावर लाकडी फळ्या, अशी जहाजाची बांधणी. हा धेडगुजरी प्रकार मुद्दाम केलेला होता. नुसतं लाकूड वापरलं तर सांगाड्याचे जाड वासे मालाची जागा खातात. नुसतं लोखंड वापरलं तर तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटून चाल मंदावते. ते टाळायला तळाला तांब्याच्या मिश्रधातूचा पत्रा ठोकावा, तर खाऱ्या पाण्यात तो लोखंडालाच खातो. मधे लाकूड आलं की दोन्ही प्रश्न सुटतात. फळ्यांना सागवान आणि एल्म वापरलं होतं. सागवानाचं मोल दर्यावर्दी जगाला वेगळं सांगायला नको होतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजं त्याची साक्ष होती.

लांबी सुमारे २१२ फूट, रुंदी ३६. तीन डोलकाठ्या, ३२,००० चौरस फूट शिडं आणि दोरखंड एकूण ११ मैल. एवढा पसारा सांभाळायला माणसं किती? तीसच्या आसपास.

ही माणसं दोन पाळ्यांत विभागलेली असत. चार तास काम, चार तास विश्रांती. संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन-दोन तासांचे दोन तुकडे पाडलेले, म्हणजे मध्यरात्रीची पाळी रोज त्याच लोकांच्या वाट्याला येत नसे. दर अर्ध्या तासाला घंटा, आणि आठ टोले पडले की पाळी बदलली. अर्थात वादळात विश्रांतीवाल्यांनाही हाक येई, तेव्हा सलग चार तास झोप हे बहुतेक वेळा कागदावरचंच सुख. शीड गुंडाळायचं म्हणजे दोरांच्या शिडीने डोलकाठीवर चढायचं, आडव्या परबाणावर, म्हणजे शीड बांधलेल्या दांड्यावर, पोट टेकायचं, पायाखाली एकच दोर, आणि भिजून फळीसारखं ताठ झालेलं कापड बोटांनी आवळत आणायचं. नांगर उचलताना आणि जड दोर ओढताना गाणं लागे. रापण ओढताना कोकणात जसा सगळ्यांचा ठेका एक लागतो, तसाच इथेही. हवा शांत असली तरी रिकामं कोणी बसत नसे. दगडाने घासून डेक धुणं, दोरांना डांबर, शिडांना ठिगळं. सुतार, शिडं शिवणारा आणि खानसामा यांना रात्रपाळी नसे, म्हणून इतर खलाशी त्यांना आळशी म्हणून चिडवत.

जेवण म्हणजे खारवलेलं मांस, वाटाण्याचं सूप आणि दगडासारखी बिस्किटं. स्कर्व्हीचा रोग होऊ नये म्हणून लिंबाचा रस देणं कायद्यानेच सक्तीचं होतं.

माल भरणं ही मात्र कसबाची गोष्ट होती. शांघायला तळात आधी वाळूगोटे पसरायचे, जहाजाच्या पोटाच्या गोलाईबरोबर ते सारखे करायचे, आणि त्यावर चहाची खोकी लाकडी हातोड्यांनी ठोकून इतकी घट्ट बसवायची की समुद्र कितीही खवळला तरी एकही हलता कामा नये. हे काम चिनी हमाल करत आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्या सफरीत 'कटी सार्क'ने अशा रीतीने १३ लाख रत्तल चहा आणला.

१८७२ साली 'थर्मोपिली' या प्रतिस्पर्धी जहाजाशी प्रसिद्ध सामना झाला. सुमारे ४०० सागरी मैलांची आघाडी असताना हिंदी महासागरातल्या वादळात 'कटी सार्क'चं सुकाणू तुटून गेलं. मालकाचा भाऊ जहाजावरच होता. जवळचं बंदर गाठा, असा त्याचा आग्रह. कप्तान मूडीने तो धुडकावला. हेंडरसन या सुताराने जादा वाशांतून आणि लोखंडी सळ्यांतून भर समुद्रात नवं सुकाणू घडवलं. डेकवर भट्टी पेटवलेली आणि जहाज हेलकावे खातंय, अशा स्थितीत हे काम सहा दिवस चाललं. लंडनला 'कटी सार्क' आठवडाभर उशिरा पोचलं, पण वाहवा हरलेल्या जहाजाचीच झाली.

चहाचा धंदा मात्र आठ सफरींत आटोपला. कालव्यातून आगबोटी जाऊ लागल्या. शिडांच्या जहाजाला तो मार्ग सोयीचा नव्हता, कारण तांबड्या समुद्रातला वारा बेभरवशाचा. मग मिळेल ते भाडं. कलकत्त्याहून मेलबर्नला ताग, एरंडेल आणि चहा. १८८० साली तर अमेरिकी आरमारासाठी वेल्समधला कोळसा, म्हणजे आगबोटींचं खाणं शिडांच्या जहाजातून! त्याच सफरीत जहाजाच्या पहिल्या अधिकाऱ्याच्या हातून एका खलाशाचा जीव गेला, कप्तान वॉलेसने त्या अधिकाऱ्याला पळून जाऊ दिलं, खलाशांनी काम बंद केलं आणि शेवटी कप्तानाने समुद्रात उडी घेतली. शिस्तीच्या नावाखाली जहाजावर काय चाले, याचा हा उघडा पडलेला नमुना.

त्याच साली विलिसने डोलकाठ्या कापून आखूड केल्या. शिडं कमी, म्हणून माणसं कमी, म्हणून खर्च कमी. एका अर्थी जहाजाचे पंखच छाटले. आणि गंमत अशी, की त्याचे सर्वोत्तम पराक्रम यानंतरचे आहेत.

१८८३ पासून ऑस्ट्रेलियाची लोकर भरायला सुरुवात झाली. इथे वारा नैसर्गिक मित्र होता. जाताना आफ्रिकेच्या टोकाखालून, येताना केप हॉर्नला वळसा घालून, दक्षिणेच्या झंझावाती पश्चिम वाऱ्यांवर स्वार होऊन. प्रत्येक सफरीत पृथ्वीप्रदक्षिणाच. लोकरीचे गठ्ठे स्क्रूच्या यंत्राने दाबून कोंबत. लंडनचा लिलाव चुकला तर माल पुढच्या लिलावापर्यंत पडून राही, म्हणून पुन्हा घाई. १८८५ साली कप्तान वुडगेटने सिडनीहून ७३ दिवसांत इंग्लंड गाठलं. १८८९ साली 'ब्रिटानिया' ही पी अँड ओ कंपनीची टपाल-आगबोट पूर्ण वेगात असताना 'कटी सार्क'ने तिला मागे टाकलं. हा वुडगेट कॅमेरा बाळगणारा आणि कुत्री पाळणारा, मोठा हौशी माणूस. पण कमी माणसांत जहाज कसं हाकावं हे त्याच्याइतकं थोड्यांनाच कळलं. पुढे पुढे तर अवघ्या १९ जणांवर त्याने सफरी केल्या.

तरीही १८९५ साली विलिसने जहाज विकलं. पोर्तुगीज मालकाने नाव बदलून 'फेरैरा' केलं आणि पुढची २७ वर्षं ते मालच वाहत राहिलं. ब्रिटिश झेंड्याखालच्या नोकरीपेक्षा ही नोकरी लांब, पण तिच्यावर फारसं कोणी लिहीत नाही. १९२२ साली एका निवृत्त कप्तानाने ते विकत घेऊन इंग्लंडला परत आणलं. १९५४ पासून ते लंडनमध्ये ग्रिनिचला उभं आहे. २००७ साली आग लागली, पण दुरुस्तीसाठी बरेचसे भाग आधीच काढून ठेवले होते, म्हणून वाचलं. लंडनला गेलात तर वरच्या डोलकाठ्या बघून परतू नका. खाली मालाच्या कोठारात उतरा. हे जहाज ज्यासाठी बांधलं होतं, ती जागा ती आहे.