विद्यापीठाच्या दप्तरी व्यापाऱ्याची माहिती

दुकानाची वही परक्याच्या हाती देऊ नये, ही शिकवण आपल्या घरांत मुलगा प्रथम गादीवर बसतो त्याच दिवशी त्यास मिळते. अशी शिकवण घेतलेली कितीतरी मुले आज इंग्लंडात धंदा थाटून बसली आहेत. लेस्टर शहरात तर १९८८ साली जिनमंदिराची प्रतिष्ठाही झाली, यावरून आपल्या धर्मबंधूंची तेथील वस्ती किती रुजली आहे हे ध्यानी येईल. त्या देशातील विद्यापीठे सार्वजनिक पैशाने लहान व्यापारी व कारखानदार यांस विनामूल्य सल्ला, प्रशिक्षण व प्रयोगशाळेचे साहाय्य देत आली आहेत. परंतु साहाय्याआधी एक लांबलचक अर्ज पुढे येतो. मालकाचे नाव, पत्ता, उलाढाल, ताळेबंद, नोकरांची संख्या, पूर्वी घेतलेली सरकारी मदत, इतकेच नव्हे तर मालकाचा वंश कोणता व त्यास काही अपंगत्व आहे काय, हेही त्यात विचारलेले असते. असा एक अर्ज आमच्या वाचनात आला. तो भरावा की फाडून टाकावा, असा प्रश्न अर्जदाराच्या वडिलांनी आम्हांस केला होता. त्या निमित्ताने या विषयाची जी माहिती आम्ही मिळविली, ती सभासद बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे पाहू की विद्यापीठास इतकी चौकशी करण्याचे कारण काय. इंग्लंडातील अशा योजनांचा मोठा आधार म्हणजे युरोपीय संघाचा प्रादेशिक विकास निधी. २०१४ ते २०२० या कालखंडाच्या कार्यक्रमातून विद्यापीठांना जे पैसे मंजूर झाले, त्यांचा खर्च २०२३ अखेरपर्यंत चालला. हा निधी प्रामुख्याने लहान व मध्यम उद्योगांसाठी होता. आणि 'लहान-मध्यम' म्हणजे २५० पेक्षा कमी नोकर, आणि वार्षिक उलाढाल ५ कोटी युरोंपर्यंत किंवा ताळेबंदाची रक्कम ४ कोटी ३० लक्ष युरोंपर्यंत, अशी व्याख्या होती. शिवाय एकाच धंद्याला तीन आर्थिक वर्षांत सर्व सरकारी दारांतून मिळून २ लक्ष युरोंहून अधिक किरकोळ साहाय्य मिळू नये, अशी मर्यादा होती. फुकट सल्लादेखील पैशात मोजून या मर्यादेत धरला जाई. तेव्हा उलाढाल विचारणे हे कुतूहल नव्हे. अर्जदार पात्र आहे याचा तो पुरावा होय.

दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. विद्यापीठ आधी आपल्या तिजोरीतून खर्च करी, मग हिशेब सादर करी व त्यातील ठराविक हिस्सा सरकारी खात्याकडून परत मिळवी. व्यापाऱ्यास साहाय्य मिळाल्याचा सहीनिशी कागद दप्तरी नसेल तर तो खर्च नामंजूर होई. दिलेले पैसेही मागाहून वसूल केले जात. वजनाच्या चिठ्ठीवाचून हिशेबपट्टी जशी लटकी पडते, तसेच हे आहे. म्हणून कार्यशाळेच्या हजेरीपटावर सही घेतल्यावाचून तेथील कारकून कोणास सोडीत नसत. आमच्या मते यात विद्यापीठाला बोल लावण्यासारखे काही नाही. पैसा करदात्यांचा आहे, आणि तो कोणास पोचला हे दाखविता आले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, कारण बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. आपली समजूत अशी की सही केली म्हणजे संमती दिली, आणि संमती दिली ती उद्या परतही घेता येईल. युरोपचा माहिती-संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून अंमलात आला व ब्रिटनने त्याच वर्षी आपला स्वतंत्र कायदाही केला. या कायद्यात २०१८ साली व्यक्तीची माहिती वापरण्यास सहा आधार सांगितले होते. संमती हा त्यांपैकी केवळ एक. अशा योजनांत विद्यापीठ सामान्यतः 'सार्वजनिक कर्तव्य' हा दुसराच आधार घेते. याचे मर्म असे की, संमतीवर घेतलेली माहिती संमती मागे घेताच वापरता येत नाही, आणि मग हिशेब तपासनीस आला असता दाखवावयास कागदच उरणार नाही. म्हणून अर्जाखालची सही ही बहुधा 'सूचना वाचली, दिलेला मजकूर खरा आहे' अशा अर्थाची असते. ती संमतीची नसते. व्यापाऱ्याने साहाय्य घेण्यापूर्वी मागे फिरावे हे त्याच्या हाती आहे. साहाय्य घेतल्यावर 'माझे नाव खोडा' म्हटले तर विद्यापीठास नकार देता येतो, आणि तो नकार कायदेशीर असतो. हे आधी ठाऊक असलेल्याला पुढे फसविल्यासारखे वाटत नाही.

याच अर्जात दोन गोष्टी मात्र खऱ्या संमतीच्या असतात, व त्या निराळ्या चौकटीत छापलेल्या असाव्या लागतात. विद्यापीठाला पुढील कार्यक्रमांची पत्रके ईमेलने पाठवावयाची असतील तर एकट्या मालकाची, म्हणजे ज्याने कंपनी स्थापिलेली नाही अशाची, अनुमती २००३ च्या नियमांनुसार साधारणतः लागते. त्याचे छायाचित्र व यशोगाथा छापावयाची असली तरीही विचारले जाते. या संमत्या केव्हाही मागे घेता येतात आणि त्यामुळे साहाय्य अडत नाही. वंश, अपंगत्व वगैरे प्रश्न सर्व समाजगटांपर्यंत योजना पोचली की नाही हे मोजण्यासाठी असतात. ही माहिती कायद्याने विशेष नाजूक मानली आहे, व 'सांगू इच्छित नाही' या उत्तरासही तेथे जागा ठेवलेली असते. आमच्या वाचनातील अर्जातही ती होती. पण अर्जदाराच्या नजरेस ती पडलीच नव्हती!

माहितीचा धनी कोण, हा प्रश्न अडतीच्या धंद्यातील मनुष्यास लवकर उमगेल. अडत्या माल विकतो, पण माल त्याचा नव्हे. तो धन्याच्या हुकुमाप्रमाणे वागतो. त्याचप्रमाणे कायद्यात 'नियंत्रक' व 'त्याच्या वतीने काम करणारा' असे दोन पक्ष आहेत. माहिती कशासाठी व कशी वापरावयाची हे जो ठरवितो तो नियंत्रक. काही योजनांत पैसे देणारे सरकारी खाते नियंत्रक व विद्यापीठ अडत्या, काहींत दोघेही आपापल्या कामापुरते नियंत्रक. कोण कोठे उभा आहे हे गोपनीयतेच्या सूचनापत्रात लिहावेच लागते; तसेच माहिती पुढे कोणास दाखविली जाईल हेही. युरोपीय निधीच्या बाबतीत त्यात सरकारी खाते, त्याचे तपासनीस, युरोपीय आयोग व संघाचे लेखापरीक्षक येतात. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले, तरी त्या कार्यक्रमाचा हिशेब पुरा होईतो संघाचे नियम त्यास लागू राहतील असे विभक्तीच्या करारात ठरले. शिवाय योजनेचे फलित तपासण्यासाठी बाहेरचे मूल्यमापक नेमले जात. ते व्यापाऱ्यास दूरध्वनी करीत. सूचनापत्र न वाचलेल्यास असा दूरध्वनी एखाद्या ठकाचा वाटल्यास नवल नाही.

कायद्याचे हे छत्र मनुष्यावर आहे, पेढीवर नाही. मर्यादित कंपनीची उलाढाल ही व्यक्तीची माहिती नव्हे. तिच्या संचालकाचे नाव व त्याचा ईमेल मात्र आहे. एकट्या मालकाच्या दुकानाची उलाढाल म्हणजे त्याचीच मिळकत, म्हणून तीस संरक्षण लाभते. भागीदारांसंबंधीच्या माहितीचेही पुष्कळदा असेच. आपल्या समाजातील बहुसंख्य दुकाने एकमालकी वा भागीदारीची असल्याने हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या भेदावर एक मोठा निकाल झालेला आहे, आणि तो शेतीच्या पैशाचा असल्याने आम्हांस विशेष गोडीचा वाटला. जर्मनीतील हेस प्रांतात एका शेतकरी भागीदारीस व एका शेतकऱ्यास युरोपीय निधीतून साहाय्य मिळाले. तत्कालीन नियमांप्रमाणे साहाय्य घेणाऱ्याचे नाव, गाव, टपाल क्रमांक व वर्षाची रक्कम सर्व जगाला वाचता येईल अशी इंटरनेटवर प्रसिद्ध होई. त्यांनी तक्रार केली. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी निर्णय दिला की, सार्वजनिक पैसा कोठे जातो हे लोकांस कळणे योग्यच आहे. परंतु किती काळ, कितीदा, किती रकमेचे साहाय्य घेतले याचा काहीच भेद न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव टांगणे हे प्रमाणाबाहेर होते. व्यक्तींपुरते ते नियम रद्द ठरले. कंपन्यांसारख्या संस्थांच्या बाबतीत मात्र प्रसिद्धी टिकली. पुढे २०१३ साली केलेल्या निधीच्या नियमांत, प्रसिद्ध करावयाच्या यादीत लाभधारक म्हणून केवळ कायदेशीर संस्थांची नावे यावीत, मनुष्यांची येऊ नयेत, असे स्पष्ट लिहिले गेले. दोन लहान तक्रारदारांनी केवढे काम केले पाहा.

प्रतिस्पर्धी विद्यापीठाकडे अर्ज करून आपली माहिती काढील काय, ही शंका व्यापाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. इंग्लंडातील विद्यापीठे २००० च्या माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याखाली येतात. कोणीही विचारले तरी २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण व्यक्तिगत माहिती, विश्वासाने दिलेली माहिती व धंद्याच्या हितास बाधक माहिती यांस त्या कायद्यात अपवाद आहेत. यांतील धंद्याच्या हिताचा अपवाद निरपवाद नाही. लोकहित तोलून पाहिले जाते. म्हणून अर्ज भरताना जो आकडा विशेष गुप्त, त्यावर 'व्यापारी गुपित' असे लिहून ठेवावे, असे आम्ही सुचवितो. त्याने हक्क सिद्ध होत नाही. विचार करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र ती गोष्ट राहते.

कागद किती वर्षे राहतात? मोठ्या योजनांचे कागद अंतिम खर्च ज्या लेख्यांत आला ते सादर झाल्यानंतरच्या ३१ डिसेंबरपासून दोन वर्षे ठेवणे आवश्यक होते; किरकोळ साहाय्याच्या नोंदी तर दहा वर्षे. म्हणजे २०२३ साली सल्ला घेतलेल्या व्यापाऱ्याचा अर्ज २०३३ पर्यंत दप्तरी असू शकतो. हे ऐकून काहींना धक्का बसेल. पण आपणही जीएसटीच्या कायद्याने वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने वह्या सांभाळतोच. मुदत सरल्यावर मात्र ते कागद नष्ट करणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. तोपर्यंत व्यापाऱ्यास आपल्याविषयी काय लिहिले आहे ते मागता येते, सामान्यतः एका महिन्यात ते मिळाले पाहिजे, आणि चूक असल्यास दुरुस्त करून घेता येते. प्रत्येक विद्यापीठास एक माहिती-संरक्षण अधिकारी नेमावा लागतो, व त्याचा पत्ता सूचनापत्रात असतो. त्याच्याने समाधान न झाल्यास देशाच्या माहिती आयुक्तांच्या कचेरीकडे दाद मागता येते; २०२५ च्या कायद्याने तिचे आयोगात रूपांतर करण्याची तरतूद केली आहे. युरोपीय निधीनंतर २०२२ साली ब्रिटनने स्वतःचा निधी उभारला, त्याचा पैसा स्थानिक परिषदांमार्फत वाटला गेला, आणि किरकोळ साहाय्याची मर्यादा तीन आर्थिक वर्षांत ३ लक्ष १५ हजार पौंड झाली. अर्जावरील खात्यांची नावे बदलली, चौकशीचे स्वरूप मात्र पुष्कळसे तेच राहिले.

गरजेपुरतीच माहिती घ्यावी, घेतली त्याच कामास वापरावी, काम संपताच सोडावी, ही त्या कायद्याची तत्त्वे वाचताना आम्हांस परिग्रहपरिमाणाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार गणले आहेत, त्यांत दुसऱ्याचे गुपित फोडणे व कोणी विश्वासाने ठेवलेला न्यास गिळणे हे दोन्ही आहेत. माहिती हाही एक न्यासच. आपल्या देशात ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहिती घेणाऱ्यास जो इंग्रजी शब्द योजला आहे, त्याचा अर्थ विश्वस्त असाच होतो.

तो कायदा येथे मुद्दाम काढण्याचे कारण आहे. आपल्याकडेही विद्यापीठांतून सरकारी अनुदानाची उद्योग-संगोपन केंद्रे निघाली आहेत, आणि आपली मुले तेथे अर्ज करीत आहेत. आपल्या कायद्यातही संरक्षण व्यक्तीसच आहे, पेढीस नाही. आणि अनुदान, लाभ वा परवाना देण्यासाठी सरकार व त्याच्या यंत्रणांना काही अटींवर संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, व मुख्य कर्तव्ये लागू होण्यास त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. त्यातील एक कलम सीमाभागातील आपल्या बंधूंना उपयोगाचे आहे. जेथे संमती मागितली जाईल तेथे सूचनापत्र इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्या परिशिष्टात मराठी आहे आणि कानडीही आहे. तेव्हा सही मागणाऱ्या कचेरीत बेळगावच्या व्यापाऱ्याने आधी सूचनापत्र मराठीतून मागावे, आणि ते घरी आणून वडीलधाऱ्यांसमवेत वाचावे.