हासळीचे हाड

हुपरीत वाढलेल्या माणसाला हासळी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. गळ्यात घालायचा तो चांदीचा जाड, वळवलेला दागिना. पैंजण, तोडे, वाळे यांच्या आवाजातच आमचे बालपण गेले. पण त्याच नावाचे एक हाड प्रत्येकाच्या मानेखाली असते आणि सायकलवरून खांद्यावर पडले की बहुधा तेच मोडते, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

आमच्या गावातली आठ-दहा मंडळी रविवारी सायकली काढतात. चांदीचे कारागीर, साखर कारखान्यातले दोघे, एक शिक्षक आणि बाकी कॉलेजातली पोरे. पहाटे निघायचे, कोल्हापूर मागे टाकायचे, वाघबिळाच्या चढावर घाम गाळायचा आणि पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायची, हा शिरस्ता. हल्ली पोरांनी जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेतल्या. त्या डांबरावर कशा रमणार? म्हणून गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर गेलो. वर मैलोन् मैल सपाटी, गवत आणि उघडा जांभा. पाहायला सुंदर, पडायला मात्र किसणीसारखा.

माझा भाचा पुढे होता. एका उतारावर त्याचे पुढचे चाक दगडांच्या बेचक्यात अडकले आणि तो हँडलवरून खांद्यावर आदळला. आम्ही धावलो. आणि पुढच्या पाच मिनिटांत जे जे करू नये ते सगळे केले. दोघांनी बगलेत हात घालून त्याला उभे केले, एकाने हेल्मेट ओढून काढले, मी तोंडावर पाणी मारले. तो म्हणाला, ‘‘मामा, आपण पन्हाळ्याला पोचलो का?’’ आम्ही हसलो. मिनिटाभराने त्याने तेच विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा कोणी हसले नाही.

सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या. चार जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, तीन पंप, पान्यांचे संच, चेनचे तेल. सायकलीच्या प्रत्येक दुखण्यावर आमच्याकडे औषध होते. माणसाच्या एकाही नव्हते. साधी चिकटपट्टीसुद्धा नाही.

जवळच शेरडे राखणारी एक म्हातारी आली. तिने आधी आम्हाला झापले. ‘‘आरं, त्येला हलवताय कशाला? बसवा खाली, हात छातीशी धरा.’’ मग डोक्यावरचा फडका सोडून तिने त्याचा हात कोपरापासून झोळीत घेतला आणि मानेमागे गाठ मारली. पोराचे विव्हळणे निम्म्याने कमी झाले. तिने हे कोठे शिकले, असे विचारल्यावर म्हणाली, शेरडाचा पाय मोडला तरी असाच बांधतो की.

तिने बांधली ती पट्टी डॉक्टरी पुस्तकात त्रिकोणी पट्टी म्हणून येते. एकोणिसाव्या शतकात एस्मार्क नावाच्या जर्मन लष्करी शल्यवैद्याने ती सैनिकांत रूढ केली. कशी बांधायची याची चित्रे तिच्यावरच छापलेली असत. मीटरभर चौकोनी सुती कापड कोनातून कापले की दोन पट्ट्या होतात. तिची झोळी होते, दुमडली तर जखमेवरचा दाब होतो, घोटा मुरगळला तर आधार होतो. एवढी बहुगुणी वस्तू आमच्या दहा पिशव्यांत नसावी!

खाली कोल्हापुरात डॉक्टरांनी हासळीचे हाड मोडल्याचे सांगितले. पण त्यांना काळजी हाडाची नव्हती, त्या तीनदा विचारलेल्या प्रश्नाची होती. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा तेच विचारणे, उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बुबुळे लहान-मोठी दिसणे, यांपैकी काहीही दिसले की वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. आणि मान दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर श्वास अडत नाही तोवर हेल्मेटलाही हात लावायचा नाही. माणसाला आहे तसा स्थिर ठेवायचा. आम्ही जे केले ते ऐकून डॉक्टर नुसते आमच्याकडे पाहत राहिले. ती रात्र ताई त्याच्या खाटेशी बसून होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

हाड सहा-सात आठवड्यांत जुळले. मी मात्र तेव्हापासून जरा चौकस झालो. आमच्या भट्टीवर मूस ओतताना भाजले की वडील शाई लावायचे, कोणी टूथपेस्ट. आता कळते की वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरणे एवढेच आधी करायचे. खरचटल्यावर हळद किंवा चहाची पूड दाबायची आमची सवय तशीच. जांभ्याची खर जखमेत राहिली तर ती पिकते. म्हणून पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून त्या धारेने जखम धुवायची, वर निर्जंतुक गॉज ठेवायचा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारायचे. भळभळ रक्त येत असेल तर मात्र धुण्यात वेळ न घालवता स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे. दर मिनिटाला उचलून ‘थांबले का’ पाहायचे नाही. साप चावला तर आवळून बांधणे नाही, चिरणे नाही, चोखणे तर नाहीच. तो अवयव न हलवता प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठायचे.

महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून आहे. पण तिला बोलावणाऱ्याला आपण कोठे आहोत हे सांगता आले पाहिजे. ‘पठारावर’ हा काही पत्ता नव्हे. मोबाईलला रेंज नसली तरी उपग्रहावरून अक्षांश-रेखांश बहुधा मिळतात. ते लिहून घेऊन एकाने रेंजच्या दिशेने जायचे, दुसऱ्याने जखमीजवळ बसायचे. आम्ही दहाही जण एकाच वेळी फोन वर करून फिरत होतो.

महिन्याने मी फडका धुऊन, इस्त्री करून म्हातारीला द्यायला गेलो. सोबत साखर आणि एक लुगडे. लुगडे तिने घेतले. फडका परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, ‘‘ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. तुम्ही काय सायकली सोडायचा न्हाई.’’

ताईने नंतर जुन्या धोतराच्या वीस पट्ट्या शिवून दिल्या. आता शनिवारी रात्री कामाची आवराआवर झाली की आमच्या भट्टीच्या ओट्यावर पोरे एकमेकांना झोळ्या बांधतात. पहिल्या दिवशी भाच्याने माझा हात असा आवळला की बोटे निळी पडली. झोळी बांधल्यावर बोटांचा रंग आणि हालचाल पाहायची असते, हे त्याला तेव्हा सांगावे लागले.