मळवलीचे देव आणि टीव्हीवरचा मारिओ

पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये कामशेतनंतर मळवली लागते आणि मग लोणावळा. मळवलीला लोक उतरतात ते कार्ल्या-भाज्याची लेणी पाहायला, एकवीरेच्या दर्शनाला नाहीतर लोहगड चढायला. पण मराठी घराने गेल्या सव्वाशे वर्षांत भिंतीवर काय टांगले, तंबूत बसून काय पाहिले आणि टीव्हीसमोर मांडी घालून काय खेळले, याचा माग काढायचा तर सुरुवातही याच स्टेशनापासून करावी लागते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९९ च्या सुमारास मुंबईहून इथे आला. मुंबईत तेव्हा प्लेगने ठाण मांडले होते.

छापखाना निघाला होता १८९४ मध्ये. राजेरजवाड्यांच्या महालातली तैलचित्रे सामान्य माणसाला परवडतील अशा किमतीत छापायची, हा त्यामागचा विचार. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तिथे सर्वांत आधी छापले गेले, असे मानतात. पाठोपाठ लक्ष्मी आली, सरस्वती आली. छपाईचे तंत्र जर्मन होते, यंत्रे जर्मन होती आणि फ्रिट्झ श्लायशर हा तंत्रज्ञही जर्मन होता. पुढे छापखाना त्याच्याच मालकीचा झाला.

ही छपाई दगडावर होई. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचे आणि शिळा पाण्याने ओली करायची. वर रुळाने शाई फिरवली की ती तेलकट रेघांना तेवढी धरते, ओल्या जागेला शिवत नाही. प्रत्येक रंगाला शिळा वेगळी. लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी, कमळाचा फिका गुलाबी, आभाळाचा निळा, अंगकांतीच्या दोन-तीन छटा असे करत एका चित्राला डझनभर, कधी त्याहून जास्त शिळा लागत. कागद प्रत्येक शिळेवर केसाइतकाही न सरकता बसला पाहिजे, नाहीतर ओठांचा रंग हनुवटीवर उतरायचा. शेवटी वर रोगण फिरवले की छापील कागद तैलचित्रासारखा चमकू लागे. अशा चित्राला ओलिओग्राफ म्हणत. घरोघरच्या बायका त्यावर खरी जर चिकटवत, टिकल्या लावत, कापडाचे तुकडे कातरून देवीला साडी नेसवत. काचेच्या तसबिरीतली अशी सजवलेली चित्रे अजूनही जुन्या वाड्यांत सापडतात. बाजारातून आणलेल्या देवीला आपल्या हाताने नटवणारी ही माणसे म्हणजे आपल्याकडच्या लोकप्रिय कलेचे पहिले चाहते. त्यांनी मत लिहून ठेवले नाही, जरीच्या काठाने नोंदवले.

या छापखान्याला लागणारे काम करून देणारा एक छोटा छापखाना लोणावळ्यात होता. तो काढला होता त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी. पुढे त्यांनी तो दादरला नेला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनी गाठली. दोन वर्षांनी मुंबईच्या एका तंबूवजा चित्रपटगृहात त्यांनी येशूच्या चरित्रावरचा मूकपट पाहिला, आणि असेच राम-कृष्ण पडद्यावर हलताना दिसावेत या विचाराने त्यांना पछाडले. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडले. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत आणि साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सगळे सरस्वतीबाईंनीच उचलले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचे काम अण्णा साळुंके या तरुणाने केले, कारण बाई पडद्यावर यायला तयार होईना. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असे सांगतात.

रविवर्म्याचे देव आणि फाळक्यांचे देव एकमेकांना ओळखणारे आहेत. तेच मुकुट, तसेच खांब, तीच समोरून पाहणारी नजर. मावळातल्या शिळांवर स्थिर झालेला चेहरा इथे हालचाल शिकला, असे म्हणायला हरकत नाही.

यातून एक क्रम दिसतो. नवे यंत्र आले की ते आपल्याकडे आधी पुराणातली किंवा संतांची ओळखीची गोष्ट घेऊन घरात शिरते. बोलपट आला तेव्हाही हेच झाले. मराठीतला पहिला बोलपट, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२), म्हणजे पुन्हा हरिश्चंद्रच. प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर १९३६ मध्ये 'संत तुकाराम' निघाला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. इंद्रायणीकाठच्या देहूची ही गोष्ट. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम लोकांच्या मनात इतका ठसला की पुढे तुकोबांच्या तसबिरीतही तोच चेहरा डोकावू लागला. दूरदर्शनच्या वेळी तर सांगायलाच नको. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी ज्या एका घरात टीव्ही, त्या घरात आळी जमू लागली. टीव्हीच्या पेटीला हार घालणारी घरे होती.

मधली तंबूंची दुनिया वेगळ्या लेखाचा विषय आहे. जत्रेच्या मैदानात ट्रकमधून प्रोजेक्टर आणायचा, कनाती लावायच्या आणि रात्रभर खेळ चालवायचे, ही रीत महाराष्ट्रात एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात तिचे शेवटचे दिवस पाहायला मिळतात. गंजलेला प्रोजेक्टर पुसणाऱ्या हातांवर कॅमेरा इतका वेळ थांबतो की ते यंत्र घरातले म्हातारे माणूस वाटू लागते.

पाचव्या वेळी मात्र क्रम मोडला. नव्वदच्या दशकात मराठी घरात 'टीव्ही गेम' आला, आणि त्यात ना राम होता ना हरिश्चंद्र. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले. आपल्याकडे आलेली बहुतेक यंत्रे ही त्याची तैवान-चीनमध्ये बनलेली नक्कल. मामाने मुंबईहून आणलेले नाहीतर चांगले गुण मिळाल्याचे बक्षीस म्हणून मिळालेले हे यंत्र मे महिन्याच्या सुटीत माजघरातल्या टीव्हीला जोडले जाई. वायर ॲन्टेनाच्या जागी लावायची, टीव्हीचे बटण फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचे. मग वरच्या खाचेत पिवळी कॅसेट दाबायची.

कॅसेटवर लाखो गेम असल्याचा दावा छापलेला असे, ९९९९९९९ इतका आकडा. आत निघत चार-पाच, फार तर काही डझन. बाकी नावे म्हणजे त्याच गेमची पुढची स्टेज किंवा बदललेला रंग. पोरांना हे दुसऱ्याच दिवशी कळे, आणि तरीही यादी शेवटापर्यंत पाहून झाल्याशिवाय कोणी उठत नसे. यंत्र चालू झाले नाही की कॅसेट काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची, हा उपाय गावोगावी सारखा होता आणि तो कोणी कोणाला शिकवला नव्हता. खरे काम फुंकरीने होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवताना तांब्याच्या पट्ट्या एकमेकींवर घासल्या जात आणि जोड नव्याने जुळे. तोंडातल्या वाफेने उलट त्या पट्ट्या हळूहळू गंजत.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. तो सारा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आजच्या फोनने काढलेला एक फोटोही याच्या कित्येक पट जागा खातो. इतक्या थोड्या जागेत जग उभे करायचे म्हणून रचनाकारांनी एक युक्ती केली. मारिओच्या डोक्यावरचा पांढरा ढग आणि पायाशी असलेले हिरवे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदलला आहे. मळवलीच्या कारागिराला ही युक्ती लगेच समजली असती. आकार एकदाच करून रंग वेगळा चढवण्याचे मोल शिळा घासणाऱ्याइतके कोणाला कळणार!

खेळणारी पोरे मारिओला कोण, कुठला, हे विचारत नव्हती. तो नळदुरुस्ती करणारा इटालियन माणूस आहे, हे बहुतेकांना फार नंतर कळले. 'कॉन्ट्रा'तले निळ्या आणि लाल विजारीतले दोन सैनिक कोणाशी लढतात, तेही कोणाला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच की 'एस' लिहिलेले चिन्ह घेतले की पाच गोळ्या एकदम सुटतात आणि मेल्यावर ती बंदूक जाते. शब्द सगळे नवे घडले: लाईफ गेली, स्टेज पार झाली, रिमोट दे, आता माझी पाळी. गेम जिथे थांबला तिथून पुढे सुरू करायची सोय बहुतेक गेममध्ये नसे. त्यामुळे सातव्या स्टेजला वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे त्या काळी पोरे परीक्षेच्या वेळापत्रकाइतक्याच गांभीर्याने पाहत.

ओळखीच्या गोष्टीवाचून हे यंत्र घरात कसे शिरले? चित्र आणि सिनेमा यांच्यापुढे माणूस हात जोडून बसतो. खेळात हात गुंतलेले असतात. तसबिरीतल्या देवीकडे पाहायचे तर ती कोण हे माहीत असावे लागते. खड्ड्यावरून उडी मारायला खड्डा दिसला की पुरते. म्हणून कथेचे जे काम असते ते इथे बोटांनी केले, आणि ज्या घरात इंग्रजी कोणाला येत नव्हते तिथेही खेळ अडला नाही. आपल्या चित्रपटांवर मराठीत भरभरून लिहिले गेले, नाट्यगीतांच्या तबकड्यांचे संग्रह झाले. एका पिढीच्या सगळ्या सुट्या ज्याने खाल्ल्या त्या टीव्ही गेमची यंत्रे मात्र भंगारात गेली. ही हानी खरी आहे. रविवर्मा छापखान्यालाही १९७२ मध्ये आग लागली, बरेच काही त्यात गेले, आणि मग हळहळ करत उरलेल्या प्रती शोधायची वेळ आली.

पुराणकथा खेळात आली ती उशिरा, आणि अडखळत. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' हा हैदराबादच्या कंपनीने बनवलेला गेम निघाला. त्यावर परदेशातल्या काही हिंदू मंडळींनी आक्षेप घेतला: देवाला भक्ताच्या हातातल्या बटणांनी नाचवायचे, हे कसे? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. रामापुढे वहाणा काढणाऱ्या प्रेक्षकाने राम हलवला नव्हता, पाहिला होता. गेममधला देव मात्र खेळणारा चुकला की खड्ड्यात पडतो. पण मराठी माणसाला देव होण्याची सवय नाही असेही नव्हे. दशावतारात तोंडाला रंग लावलेला शेतकरी रात्रभर विष्णू असतो, लोक त्याच्या पाया पडतात, आणि सकाळी तो पुन्हा शेतावर जातो. सोंगाला मर्यादा असतात आणि त्या करणाऱ्याला व पाहणाऱ्याला दोघांना ठाऊक असतात. नव्या यंत्राला त्या मर्यादा अजून शोधायच्या होत्या.

त्या सापडल्या पुण्यात. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' बनवायला घेतला. लोकवर्गणीची मोहीम २०१७ मध्ये अपुरी पडली. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी घर विकले. विम्याची पॉलिसी गहाण टाकणाऱ्या फाळक्यांनंतर शतकाने पुन्हा तेच. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे ज्या कंपनीच्या नकला पुण्या-मुंबईच्या पोरांनी फुंकून फुंकून चालवल्या, तिच्याच यंत्रावर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. गेम निघाल्यावर पंधरवड्यातच पबजी या फोनवरच्या गेमवर बंदी आली होती आणि वर्तमानपत्रांची पाने त्या बातमीनेच भरली. गावातली पोरे तोवर स्वस्त डेटा आणि फोनवर सरकलेलीच होती.

'राजी'तली नायिका देवी नाही. ती खेळ करून पोट भरणारी मुलगी आहे आणि असुरांनी नेलेल्या भावाला, गोलूला, शोधते आहे. दुर्गा तिला त्रिशूळ देते. पुढची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. खेळणाऱ्याच्या बोटांत येते ती राजी. देव वरून पाहतात, बोलतात, कधी काळजी करतात. हनुमानाच्या वेळी अडलेला प्रश्न इतक्या साध्या योजनेने सुटला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत दुर्गा-विष्णूंचे हे बोलणे हिंदीतही ऐकू येऊ लागले. खेळाचे महाल राजस्थानी घडणीचे, भिंतींवरचे रंगकाम पहाडी चित्रांच्या वळणाचे.

मधल्या प्रसंगांची गोष्ट 'राजी' सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगते. पडद्यामागे दिवा, पुढे काळ्या आकृत्या, आणि त्यांच्यावरून बोलणारा आवाज. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची घरे चामड्याच्या बाहुल्यांनी आणि चित्रकथीच्या पोथ्यांनी रामायण-महाभारत पिढ्यान्‌पिढ्या असेच सांगत आली आहेत. तिथला कथेकरी एक चित्र उचलतो, समोर धरतो, गातो, आणि ते खाली ठेवून दुसरे उचलतो.