अणुकचऱ्याची सफाई आणि शासकीय कंत्राट

गावात सार्वजनिक विहीर खोदावयाची झाली की पंचायतीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो खडकाचा. मुरूम कोठे संपेल आणि काळा पाषाण कोठे लागेल, हे जमिनीवर उभे राहून कोणालाच सांगता येत नाही. ठरावीक रकमेत काम द्यावे, तर ठेकेदार खडकाची भीती आधीच दरात धरतो किंवा खडक लागताच काम अर्धवट टाकून निघून जातो. होईल तो खर्च देऊ असे म्हणावे, तर विहीर लवकर पुरी करण्याची निकड त्याला उरत नाही. म्हणूनच खोदाईचे दर थराप्रमाणे वेगवेगळे ठरविले जातात आणि टप्प्याटप्प्याने मोजमाप पुस्तकात नोंद होते.

हाच प्रश्न अवाढव्य रूपात अमेरिका व ब्रिटन या देशांच्या शासनांपुढे उभा राहिला आहे. अण्वस्त्रे तयार करणारे कारखाने आणि जुन्या अणुभट्ट्या बंद झाल्या. परंतु त्यांनी मागे ठेवलेला किरणोत्सर्गी कचरा, दूषित माती व इमारती यांची सफाई अनेक दशकांचे काम होऊन बसली. हे काम शासन कंत्राटदारांकडून करवून घेते. जमिनीखाली नेमके काय आहे हे ठाऊक नसताना कंत्राट कसे लिहावे, याचे धडे तेथील शासनांना फार महाग पडले. ते धडे सार्वजनिक कामांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकास उपयोगी पडतील असे आहेत.

हा वारसा कसा निर्माण झाला

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड येथे प्लुटोनियम तयार करण्याचा कारखाना उभारण्यास प्रारंभ झाला. हे काम ड्यू पाँट या कंपनीकडे सोपविण्यात आले. झालेला सर्व खर्च शासनाने द्यावयाचा आणि त्यावर कंपनीला मोबदला केवळ एक डॉलर, असा तो करार होता. सर्व जोखीम शासनाची, घाई युद्धाची. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधील प्लुटोनियम येथेच तयार झाले. १९४६ साली कारखान्याची सूत्रे जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे गेली. १९६९ साली आपल्या तारापूर येथे सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या याच कंपनीने पुरविलेल्या आहेत.

हॅनफर्ड येथे पुढे एकूण नऊ अणुभट्ट्या चालल्या. त्यांतून निघालेला सुमारे २१ कोटी लिटर घातक कचरा जमिनीखालील १७७ टाक्यांत साठविण्यात आला. यांपैकी १४९ टाक्या एकाच पोलादी कवचाच्या आहेत. एकूण ६७ टाक्यांतून गळती झाल्याचे निश्चित झाले आहे किंवा तसे मानले जाते.

याच काळात कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरापासून सुमारे २५ किलोमीटरांवर, रॉकी फ्लॅट्स हा कारखाना १९५२ पासून बॉम्बमधील प्लुटोनियमचे गोळे बनवीत होता. तेथे १९५७ व १९६९ साली मोठ्या आगी लागल्या. कारखाने शासनाचे, चालविणाऱ्या कंपन्या खाजगी आणि नियंत्रण करणारे खातेही तेच, अशी व्यवस्था असल्याने उत्पादन हेच कामाचे मोजमाप ठरले. कचऱ्याचा हिशेब मागे पडला.

१९८९ हे वर्ष या बाबतीत निर्णायक ठरले. मे महिन्यात अमेरिकेचे ऊर्जा खाते, पर्यावरण संरक्षण संस्था आणि वॉशिंग्टन राज्य यांच्यात हॅनफर्डच्या सफाईबाबत करार झाला. जून महिन्यात केंद्रीय तपास यंत्रणेने रॉकी फ्लॅट्सवर छापा घातला. एका शासकीय यंत्रणेने दुसऱ्या खात्याच्या कारखान्यात शिरून झडती घेतली. कारखाना चालविणाऱ्या रॉकवेल कंपनीने १९९२ साली पर्यावरणविषयक गुन्हे कबूल केले आणि १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला.

रॉकी फ्लॅट्स : शेवट ठरवून दिलेले काम

१९९५ साली ऊर्जा खात्याने अंदाज केला, तेव्हा रॉकी फ्लॅट्सच्या सफाईस सुमारे ६५ वर्षे आणि ३६ अब्ज डॉलरांहून अधिक खर्च लागेल असे दिसले. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) त्याच वर्षी कायझर-हिल या कंपनीला काम देण्यात आले आणि २००० साली तिच्याशी नव्या पद्धतीचा करार झाला.

या कराराची रचना समजून घेण्यासारखी आहे. उरलेल्या कामाचा लक्ष्य-खर्च सुमारे ४ अब्ज डॉलर आणि मुदत डिसेंबर २००६ ठरविण्यात आली. कंपनीचा मोबदला ३४ कोटी डॉलर धरण्यात आला. लक्ष्यापेक्षा खर्च कमी झाला, तर वाचलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीस सेंट कंपनीस मिळावयाचे; खर्च वाढला, तर त्याच प्रमाणात मोबदल्यातून कपात व्हावयाची. मोबदला ४६ कोटींच्या वर जाणार नाही आणि १५ कोटींच्या खाली येणार नाही, अशा मर्यादाही घातल्या होत्या. सुरक्षिततेत कसूर झाल्यास मोबदला कापण्याचा अधिकार शासनाने राखून ठेवला होता.

कराराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची होती. शासनाने काय द्यावयाचे, हेही त्यात लिहिलेले होते. प्लुटोनियम वाहून नेण्यासाठी मान्यताप्राप्त पेट्या आणि ते स्वीकारणारी ठिकाणे वेळेवर उपलब्ध करून देणे ही शासनाची जबाबदारी होती. आपल्याकडे जागेचा ताबा न मिळाल्याने काम रखडते आणि दोष ठेकेदाराच्या माथी जातो, असे कित्येकदा घडते. येथे दोन्ही पक्षांची कर्तव्ये कागदावर होती.

काम मात्र सोपे नव्हते. काही खोल्या अशा होत्या की, तेथे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचा काटा शेवटच्या आकड्याच्याही पलीकडे जाई. ज्या कामगारांनी वर्षानुवर्षे बंद काचपेट्यांत हात घालून प्लुटोनियम हाताळले होते, त्यांनीच त्या पेट्या कापून काढल्या. कंपनीला मिळणाऱ्या मोबदल्याचा काही भाग कामगारांनाही देण्यात आला. कारण काम जितके लवकर संपेल तितकी त्यांची नोकरीही लवकर संपणार होती. आठशेहून अधिक इमारती व बांधकामे पाडण्यात आली. ऑक्टोबर २००५ मध्ये, मुदतीपूर्वी वर्षभराहून अधिक काळ, काम पुरे झाले. १९९५ पासूनच्या सफाईचा खर्च सुमारे ७ अब्ज डॉलर झाला.

‘स्वच्छ’ म्हणजे किती स्वच्छ?

हे यश सांगताना एक गोष्ट विसरता येणार नाही. जमीन स्वच्छ झाली असे केव्हा म्हणावयाचे, हे कंत्राटदाराने ठरवून चालत नाही. १९९६ साली मातीतील प्लुटोनियमची मर्यादा दर ग्रॅमला ६५१ पिकोक्युरी अशी ठेवण्यात आली होती. पिकोक्युरी हे किरणोत्सर्गाचे अतिसूक्ष्म माप होय. आसपासच्या नागरिकांनी या आकड्यास हरकत घेतली आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून अभ्यास करविला. तज्ज्ञांनी ३५ ही मर्यादा सुचविली. अखेर २००३ साली वरच्या तीन फूट मातीसाठी ५० ही मर्यादा मान्य झाली. त्याखालील थरांसाठी ती शिथिल ठेवण्यात आली. खोलवरचा काही भाग तसाच राहिला, याबद्दल तेथे आजही मतभेद आहेत. परंतु मर्यादा तेरा पटींनी कडक झाली ती नागरिकांनी प्रश्न विचारले म्हणून, हे नाकारता येणार नाही.

हॅनफर्ड : अज्ञाताची किंमत

हॅनफर्ड येथे याच्या उलट अनुभव आला. टाक्यांतील कचरा काचेत मिसळून घट्ट करावा, म्हणजे तो पाण्यात विरघळणार नाही, असे ठरले. हा कारखाना कंत्राटदाराने स्वतःच्या भांडवलावर उभारावा आणि शासनाने तयार काचेचे ठरलेल्या दराने पैसे द्यावे, अशा अटीवर १९९८ साली बीएनएफएल या कंपनीशी करार झाला. किंमत होती ६.९ अब्ज डॉलर. कागदावर शासनाची जोखीम संपली होती. पण टाक्यांत रसायनांचे मिश्रण इतके विविध होते की, त्याची पुरी माहिती कोणालाच नव्हती. २००० साली कंपनीने किंमत १५.२ अब्ज डॉलरांवर नेली आणि शासनाने करार रद्द केला. जोखीम कंत्राटदाराकडे ढकलली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती व्याजासह दरात परत येते.

त्यानंतर २००० सालच्या डिसेंबरात बेक्टेल कंपनीला ४.३ अब्ज डॉलरांचे काम देण्यात आले. या वेळी खर्च शासनाने सोसावयाचा होता. आराखडा पुरा होण्यापूर्वीच बांधकाम सुरू झाले. २००६ पर्यंत अंदाज १२ अब्ज डॉलरांच्या वर गेला आणि २०१२ साली तांत्रिक शंकांमुळे काही भागांचे बांधकाम थांबविण्यात आले. सामग्रीच्या दर्जाबाबत आरोप झाले. ते प्रकरण कंत्राटदारांनी २०१६ साली, दोष मान्य न करता, १२ कोटी ५० लाख डॉलर भरून मिटविले. कमी तीव्रतेच्या कचऱ्याची पहिली काच तयार होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. संपूर्ण हॅनफर्डच्या उर्वरित सफाईचा खर्च २०१९ च्या शासकीय अहवालात ३२३ ते ६७७ अब्ज डॉलर असा दिला होता. खालचा आणि वरचा आकडा यांत दुपटीहून अधिक अंतर असणे, हेच त्या अज्ञाताचे माप आहे.

ब्रिटन : निविदा उघडल्यानंतर

ब्रिटनचा अनुभव निविदा-मूल्यमापनाचा आहे. तेथील अणुसफाई प्राधिकरणाने मॅग्नॉक्स जातीच्या जुन्या अणुभट्ट्या व दोन संशोधन केंद्रे मिळून बारा ठिकाणांच्या सफाईचा ठेका २०१४ साली चौदा वर्षांसाठी दिला. त्याचे मूल्य ६ अब्ज पौंडांहून अधिक सांगितले गेले. ठेका न मिळालेल्या गटातील एक कंपनी न्यायालयात गेली. बोलींना गुण देताना प्राधिकरणाने स्वतःच्याच नियमांचे पालन केले नव्हते, असा निर्णय २०१६ साली झाला. २०१७ साली प्राधिकरणाने सुमारे १० कोटी पौंड देऊन तडजोड केली. शिवाय प्रत्यक्ष काम निविदेत लिहिल्यापेक्षा कितीतरी अधिक निघाले. ठिकाणांच्या खऱ्या स्थितीची माहितीच प्राधिकरणाकडे नव्हती, असे संसदेच्या लोकलेखा समितीने नमूद केले. २०१९ साली ठेका मुदतीपूर्वी संपवून काम प्राधिकरणाच्याच मालकीच्या कंपनीकडे आले.

आपल्याकडील एक प्रसंग

आपल्या देशातही घातक कचरा काचेत घट्ट करण्याचे तंत्र विकसित झाले असून तारापूर येथे त्यासाठी कारखाना उभारण्यात आला. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ साली झाली आणि किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ साली करण्यात आले. तथापि, नियम असूनही एक साधा व्यवहार किती घातक ठरू शकतो, हे २०१० साली दिल्लीत दिसले. विद्यापीठातील निकामी झालेले एक उपकरण भंगार म्हणून लिलावात विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर अनेकांना इजा पोहोचली. विकणाऱ्याने वस्तूची ओळख पटवून घेतली नव्हती आणि विकत घेणाऱ्यास ती कळण्याचा मार्ग नव्हता. रुग्णालय, कारखाना वा महाविद्यालय यांतील जुने साहित्य निकाली काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह शाळेतील मुलांना ओळखता आले, तरी पुष्कळ साधेल.

निष्कर्ष

या सर्व अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. निविदा काढण्यापूर्वी जागेची पाहणी व चाचणी यांवर केलेला खर्च हा सर्वांत स्वस्त खर्च होय. काम कोठे संपले असे मानावयाचे, ते आकड्यांत लिहिले पाहिजे आणि ते ठरविताना तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. मोबदला दिवसांवर न ठरता मोजून घेतलेल्या कामावर ठरावा. तपासणी करणारा हा काम देणाऱ्याहून व करणाऱ्याहून स्वतंत्र असावा. आणि निविदेला गुण का दिले, याची नोंद न्यायालयात वाचून दाखविता येईल अशी असावी.

रॉकी फ्लॅट्सच्या परिसरात आज वन्यजीव अभयारण्य आहे. २०१८ साली ते लोकांसाठी खुले झाले. मात्र मध्यभागी सुमारे १,३०० एकर जमीन अजून ऊर्जा खात्याच्या ताब्यात असून तेथील पाण्याची तपासणी चालूच आहे. प्लुटोनियमचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे २४ हजार वर्षे लागतात. कंत्राटदाराचे शेवटचे देयक चुकते होऊन वीस वर्षे लोटली, तरी तेथील विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्याचे काम शासनाकडेच राहिले आहे आणि पुढेही राहणार आहे. कंत्राट लिहिताना शासनाने हे आपले काम प्रथम ओळखावे.