डोळ्यावरचं गोंदण

टॅटू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मनगटावरचं नाव, मानेमागचं फुलपाखरू, दंडावरचे महाराज. आता कल्पना करा, हेच गोंदण थेट बुबुळावर! अंगावर काटा आला ना? पण ही फॅशन नाही. ज्याचा डोळा कायमचा गेलाय आणि त्यावर पांढरा डाग उरलाय, त्याच्यासाठी हा उपचार आहे. नाव आहे कॉर्नियल टॅटूइंग.

आपल्या परभणीकडे या डागाला ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात. पूर्वी देवीच्या रोगाने फूल पडायचं. देवी गेली, पण शेतातली इजा आहेच. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागते, ज्वारीचं पान डोळ्याला कापतं, मळणी यंत्रातून सोयाबीनचा भुसा उडतो. जखमेत जंतू किंवा बुरशी शिरते आणि अल्सर होतो. कॉर्निया म्हणजे डोळ्यापुढची पारदर्शक काच. तिचे तंतू शिस्तीत रचलेले असतात, म्हणून ती स्वच्छ दिसते. जखम भरताना ती रचना बिघडते आणि तिथे पांढरा व्रण राहतो.

नजर तर गेलीच, वर लोकांच्या नजराही झेलाव्या लागतात. ग्रुप फोटोत कडेला उभं राहायचं, वर्गातही गॉगल काढायचा नाही, स्थळ आलं की पोटात गोळा. गंमत बघा, दुसरा डोळा चांगला असेल तर सरकारी निकषात याला ३० टक्के दिव्यांगत्व धरतात. नोकरीतल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतं. म्हणजे कागदावर हा प्रश्न छोटा, चारचौघांत मात्र सगळ्यात आधी दिसणारा.

आता हे गोंदतात कसं? कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिचा वरचा थर आठवडा-दहा दिवसांत नवा होतो, त्यामुळे रंग त्याच्या खालच्या थरात भरावा लागतो. डोळा बधिर करून डॉक्टर बारीक सुईने टोचत रंग भरतात किंवा ब्लेडने, लेझरने छोटा कप्पा करून त्यात रंग सोडतात. दुसऱ्या डोळ्याशी मिळताजुळता रंग निवडतात. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या शतकात गॅलन या ग्रीक वैद्याने अशा डागावर मोरचूद वापरलं होतं. तेच निळं मोरचूद, जे आपल्याकडे फवारणीच्या बोर्डो मिश्रणात असतं! पुढे १८६९ च्या सुमारास पॅरिसमध्ये लुई द वेकर यांनी काळी शाई वापरून आजच्या पद्धतीचा पाया घातला.

पण नीट लक्षात घ्या, याने दिसायला लागत नाही. रंग काही वर्षांनी फिका पडू शकतो, पुन्हा भरावा लागतो. जंतुसंसर्गाचा, सूज येण्याचा धोकाही असतो. म्हणून पहिला प्रश्न टॅटूचा नको, ‘नजर परत येईल का?’ हा हवा. डोळ्याचा पडदा आणि नस शाबूत असेल, तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवून दिसूही शकतं. ती आशा नसेल तेव्हाच रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स, कृत्रिम शेल किंवा टॅटू. सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागातून करा. टॅटूसाठी मात्र मोठ्या शहरातला कॉर्निया तज्ज्ञच गाठावा लागेल.

आणि रील्समध्ये डोळे निळे-हिरवे करून देणारे व्हिडिओ दिसतात ना? तेही याच तंत्राचं भावंडं, पण चांगल्या डोळ्यावर केलेलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा हौशी शस्त्रक्रियांपासून सावध केलंय. दिसणाऱ्या डोळ्याशी खेळ कशाला?

त्यापेक्षा घरी एवढं सांगा: डोळ्याला काही लागलं तर तूप, दूध घालायचं नाही, मेडिकलवरून मनाने ड्रॉप आणायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मळणीला साधा चष्मा लावला तरी पुष्कळ इजा टळते. आणि कट्ट्यावर कुणाला ‘काण्या’ म्हणून हाक मारत असाल, तर ती आजपासून बंद करा. त्याला टॅटू करायचा की नाही, हे त्याचं तो ठरवेल. आपल्या टोमण्यांमुळे ठरवायची वेळ त्याच्यावर येऊ नये.