टकटक नेमकी कुठून येते?

उसाच्या हंगामातली थंड सकाळ. ईश्वरपुरात (पूर्वीच्या इस्लामपुरात) जुनी मारुती ८०० सुरू होते आणि बॉनेटखालून टकटक ऐकू येते. मालकाला धडकी भरते. मुरलेला मिस्त्री मात्र पाना न उचलता आधी कान देतो. त्या ऐकण्यामागे पक्कं शास्त्र आहे.

पहिली खूण लयीची. न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो. कॅमशाफ्टची गती त्याच्या निम्मी. म्हणून त्यावर चालणाऱ्या एखाद्या व्हॉल्व्हचं टॅपेट ढिलं झालं की सेकंदाला सहा-सात हलके, कोरडे ठोके पडतात. क्रँकशाफ्टवरचं बिग एंड बेअरिंग झिजलं असेल तर ठोका खालून येतो. तो जड असतो आणि रेस दिली की वाढतो. मिस्त्री एकेका प्लगची वायर काढून पाहतो. ज्या सिलिंडरचा स्फोट थांबल्यावर ठोका दबतो, दोष तिथला.

दुसरी खूण तापमानाची. ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे इंजिन थंड असताना लोखंडी सिलिंडरमध्ये सैल बसलेला ॲल्युमिनियमचा पिस्टन वाजतो आणि तापला की गप्प होतो. बेअरिंगचं उलटं: ऑइल तापून पातळ झालं की त्याचा आवाज चढतो.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाला, मूठ कानाजवळ, हात पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. पोलादातून ध्वनी हवेच्या सुमारे पंधरापट वेगाने जातो; मुख्य म्हणजे तो आजूबाजूच्या गोंगाटात विरत नाही.

तिसरी खूण लोडची. घाटाच्या चढावर गाडीला टॉप गिअरवरच रेटलं, तर इंजिन कडकडतं. हे नॉकिंग. पुढे सरकणाऱ्या ज्योतीच्या दाबाने उरलेलं मिश्रण तापून आपोआप पेटतं आणि दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. जुन्या इंजिनात साठलेला कार्बन यात भर घालतो. गिअर खाली घेतला की बहुतेकदा आवाज थांबतो.

खोल, जड ठोका ऐकू आला तर मात्र इंजिन तिथेच बंद करा, डिपस्टिक पाहा आणि गाडी ओढून न्या. गॅरेजमध्ये नुसतं ‘आवाज येतोय’ म्हणू नका. थंड असताना की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, हलका की जड, हे सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.